झेड६२० साठी दुसरा झिऑन: जुन्या बाजारातून जोडी कशी जुळवायची?

मखरवाला (शनिवार, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. मी परळला राहतो. मंडळांना आणि घरगुती गणपतीवाल्यांना देखाव्यांची थ्रीडी चित्रं करून देतो, म्हणजे प्लायवूड कापायच्या आधीच देखावा कसा दिसेल ते कळतं. काम ब्लेंडरमध्ये. मशीन एचपीचं झेड६२०, तीन वर्षांपूर्वी जुनंच घेतलं. त्यात एकच प्रोसेसर आहे, झिऑन ई५-२६७०, आठ कोअरचा. रॅम ३२ जीबी. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे एक चित्र तयार व्हायला, सरासरी १४ मिनिटं लागतात, आणि मंडळांना आता स्थिर चित्र नको, आत फिरून बघतोय असा व्हिडिओ हवा. हिशेब तुम्हीच करा.

आज लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. एका दुकानदाराने तीन चिप दाखवल्या. दोन २६७०च आहेत, पण एकीवर एसआर०एच८ लिहिलंय आणि दुसरीवर एसआर०केएक्स. दुसरी तीनशे रुपयांनी महाग. तिसरी २६८० व्ही२, दहा कोअरची. तो म्हणाला, "सॉकेट वही है, दोनों दस कोअर के डाल दो, मशीन उड़ेगा." माझ्या मशीनमधल्या चिपवर काय लिहिलंय ते मला माहीत नाही, हीटसिंक कधी काढलाच नाही.

काय घेऊ? सीझन डोक्यावर आहे, पैसे एकदाच घालायचे आहेत.

ग्रँटरोड_पूर्व (शनिवार, रात्री ११:०५)

आधी पत्रिका बघा. छत्तीसपैकी किती गुण जुळतात?

घडीव (शनिवार, रात्री ११:१२)

इथे पत्रिकेचे नियम उलटे लागतात. लग्नात सगोत्र नको, एकनाड नको. प्रोसेसरांत मात्र सगोत्र, एकनाड, शक्यतो जुळे भाऊच हवेत.

रात्रपाळी (रविवार, पहाटे ३:४०)

ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला असतो, दोन सॉकेटची मशीनं रोज उघडतो. घडीव यांनी गमतीत लिहिलंय पण नियम तोच. दोन्ही चिपचं मॉडेल एक हवं, म्हणजे कोअर, कॅशे, वेग, क्यूपीआयचा वेग सगळं सारखं आलं. क्यूपीआय हा दोन प्रोसेसरांना जोडणारा रस्ता. वेग कमीजास्त असेल तर बरेच बोर्ड दोघांना हळू असलेल्याच्या पातळीवर आणतात. कोअरची संख्या वेगळी असेल तर मशीन बहुधा चालूच होत नाही.

मखरवाला, हीटसिंक काढू नका. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये एलएससीपीयू द्या, विंडोजवर सीपीयू-झेड उघडा. लिनक्सवर मॉडेल ४५ दिसेल (सीपीयू-झेड तेच २डी असं दाखवतं) आणि त्याच्याजवळ स्टेपिंग. ६ असेल तर तुमची चिप सी१, म्हणजे एसआर०एच८. ७ असेल तर सी२, म्हणजे एसआर०केएक्स. हे सहा-सात काय प्रकरण आहे? चिप तीच, पण कारखान्यात नंतर सुधारलेली आवृत्ती. सी१ मध्ये व्हीटी-डी नीट चालत नव्हतं, सी२ मध्ये ते दुरुस्त केलं. व्हर्च्युअल मशीनला थेट कार्ड जोडणाऱ्यांना त्याचा फरक पडतो, ब्लेंडरला नाही.

आता दहा कोअरवाल्याबद्दल. दुकानदार खोटं बोलत नाही, सॉकेट २०११ तेच आहे. पण झेड६२०चे बोर्ड दोन प्रकारचे आले. मशीन चालू करताना एफ१० दाबा, पहिल्याच मेनूत सिस्टम इन्फर्मेशन आहे, त्यात बूट ब्लॉकची, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या बायोसच्या मूळ भागाची, तारीख बघा. २०१३ची असेल तर व्ही२ चालेल. २०११ची असेल तर नाही चालणार, आणि बायोस कितीही नवा टाकलात तरी बूट ब्लॉक बदलत नाही. हे बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

पेणकर (रविवार, सकाळी ८:१५)

माझं स्पष्ट मत, दुसरा प्रोसेसर घेऊच नका. ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, कार्डावर कितीतरी पट वेगाने चालतं. २०१२च्या चिपवर आज पैसे घालणं म्हणजे पेणहून मूर्ती आणायला बैलगाडी जुंपणं.

मखरवाला (रविवार, सकाळी ९:३०)

रात्रपाळी दादा, पहाटे तीनला एवढं लिहिलंत, मनापासून आभार. आज दोन्ही तपासतो.

पेणकर, कार्ड आहे, ४ जीबीचं. माझा गेल्या वर्षीचा पंढरपूरचा देखावा, त्यात चंद्रभागेचं वाळवंट आणि वारकऱ्यांची गर्दी, हा सीन उघडल्यावर २२ जीबी रॅम खातो. कार्डावर तो बसतच नाही. एवढी मेमरी असलेलं कार्ड माझ्या बजेटमध्ये नाही.

पेणकर (रविवार, सकाळी ९:५५)

बावीस जीबी? मग तुमचं बरोबर, माझं मत मागे. पण वारकऱ्यांना इन्स्टन्सिंग केलंय का? एकच पुतळा हजार वेळा दाखवला तर मेमरी एकाचीच लागते.

मखरवाला (रविवार, सकाळी १०:०२)

केलंय. एकूण चाळीस वेगळे वारकरी आहेत. प्रत्येकाचं धोतर, पटका, टाळ, चेहरा वेगळा. मंडळातली म्हातारी माणसं एकेक चेहरा बघतात. एकाच तोंडाची हजार माणसं उभी केली की "ही वारी नाही" म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे.

शिवडीची (रविवार, सकाळी ११:२०)

चाळीस चेहरे! तो व्हिडिओ बघायला आवडेल.

मी आर्किटेक्चरवाली. आमच्या ऑफिसात दोन प्रोसेसरचं झेड८२० आहे. त्यावर मी चार महिने वाया घालवले, ते सांगते. दुसरा प्रोसेसर बसवला, मशीनने दाखवला, टास्क मॅनेजरमध्ये दुप्पट खिडक्या दिसल्या, आम्ही खूश. पण रेंडर जेमतेम तीस टक्के जलद. कारण सगळी रॅम पहिल्या प्रोसेसरच्या बाजूला होती. या मशीनमध्ये प्रत्येक प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर स्वतःचा असतो, चार चॅनेल. दुसऱ्याच्या खोबणी रिकाम्या ठेवल्या तर तो प्रत्येक वेळी क्यूपीआय ओलांडून पहिल्याच्या घरून पाणी भरतो. दोन्हीकडे सारख्या चार-चार पट्ट्या लावल्या तेव्हा कुठे वेग आला.

आणखी एक, विंडोज कुठलं आहे? होम असेल तर ते एकच सॉकेट ओळखतं. प्रो दोन ओळखतं.

सोल्डरकाका (रविवार, दुपारी १:१०)

हा धागा वाचून १९९९ साल आठवलं. तेव्हा अ‍ॅबिटचा बीपी६ बोर्ड आला होता. दोन सॉकेटचा आणि त्यात साधे सेलेरॉन चालायचे, जे इंटेलने जोडीने वापरायला म्हणून काढलेच नव्हते. लॅमिंग्टन रोडला नाझ थिएटरच्या बाजूने चालत जायचं, एकेक दुकान पालथं घालायचं. आम्ही नुसतं मॉडेल बघत नसू, चिपवरचा बॅच नंबर आणि आठवडासुद्धा जुळवायचो, कारण दोन्ही चिप ताणून ठरलेल्या वेगापेक्षा वर न्यायच्या असायच्या आणि एकाच आठवड्यातल्या असतील तर साधारण सारख्या ताणल्या जातात. एवढं करून घरी आलो आणि विंडोज ९८ टाकलं, तर त्याला दुसरा प्रोसेसर दिसेचना. एनटी किंवा २००० लागायचं. पण दोन प्रोसेसर चालू झालेले पाहिल्यावर जो आनंद झाला तो आजही अंगावर आहे.

आता मुद्द्याचं. दुकानात काही जण सांगतात, "दोनों मलेशिया का चाहिए, कोस्टा रिका का नहीं चलेगा." ऐकू नका. ते फक्त चिप शेवटी कुठे जोडली आणि तपासली ते ठिकाण आहे. बॅच नंबरही जुळायची गरज नाही, तुम्ही काही ताणणार नाही. बघायचं ते हे: चिपच्या डोक्यावर 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' आणि क्यू ने सुरू होणारा चार अक्षरी कोड असेल तर ती नमुना चिप, इंजिनिअरिंग सॅम्पल. स्वस्त मिळते, पण घेऊ नका, बोर्ड कधी ओळखतो कधी नाही. आणि चिप उलटी करून खालचे सोनेरी ठिपके बघा. काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात का बघा. पुसूनही खड्डा दिसला तर ठेवून द्या. चिपच्या मागच्या बारीक कपॅसिटरांतला एखादा उडालाय का तेही बघा. भिंग सोबत न्या, दुकानदाराला वाईट वाटत नाही.

ग्रँटरोड_पूर्व (रविवार, दुपारी १:२५)

काका, नाझ, इंपीरियल, स्वस्तिक, मिनर्व्हा, अप्सरा. एका रस्त्यावर एवढी थिएटरं आणि त्यांच्या मधे रेझिस्टर विकणारी दुकानं. माझे वडील पिक्चरला जातो सांगून ट्रान्झिस्टरचे सुटे भाग आणायचे.

सोल्डरकाका (रविवार, दुपारी १:४०)

मिनर्व्हा तर आता राहिलंच नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्ही बहुधा एकाच काउंटरवर उभे राहिलो असू.

घडीव (रविवार, दुपारी २:१५)

नावांच्या घोळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २६८० हा आकडा चार पिढ्यांत आहे. नुसता २६८० हा २०१२चा, आठ कोअर. व्ही२ २०१३चा, दहा. व्ही३ २०१४चा, बारा. व्ही४ २०१६चा, चौदा. पहिले दोन सॉकेट २०११ आणि डीडीआर३, पुढचे दोन सॉकेट २०११-३ आणि डीडीआर४. आकार सारखाच दिसतो, पण बसत नाही. फोनवर "२६८० आहे का" विचारलंत तर चारांपैकी कुठलाही हातात येईल.

दुसरा सापळा १६०० मालिकेचा. ई५-१६५० छान वेगवान चिप आहे, पण ती एकटीच चालते. दोन घेऊन जोडी होत नाही. आकड्यातला पहिला अंक बघायचा: १ म्हणजे एकटा, २ म्हणजे दोघांत चालणारा. एएमडीच्या एपिक या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये नावाच्या शेवटी पी असेल तर तोही एकटा.

रात्रपाळी (रविवार, दुपारी ४:००)

एपिकचा विषय निघालाच आहे तर, जुना एपिक घेताना आधी तो कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमधून निघालाय ते विचारा. काही सर्व्हरवाल्यांच्या बोर्डात चिप एकदा चालू झाली की ती त्या कंपनीच्या बोर्डांशी कायमची बांधली जाते, सुरक्षेसाठी चिपमधले फ्यूज उडवतात. दिसायला धडधाकट, दुसऱ्या बोर्डात मुकी. माझ्या ओळखीतल्या एकाने अशी जोडी घेतली होती आणि त्याचे पैसे गेले.

मखरवाला (रविवार, रात्री ९:४५)

तपासलं. स्टेपिंग ७. बूट ब्लॉक २०११चा. म्हणजे व्ही२ बाद, आणि माझी चिप एसआर०केएक्स. विंडोज प्रो आहे, ते ठीक.

पण एक नवीन गोष्ट कळली. झाकण उघडलं तर बोर्डावर एकच सॉकेट! दुसरा प्रोसेसर बसवायचा कुठे? दुकानदाराने हे विचारलंच नव्हतं.

शिवडीची (रविवार, रात्री ९:५८)

रायझर! माझ्या डोक्यात आमचं ८२० होतं, त्यात दोन्ही सॉकेट बोर्डावरच असतात. ६२० मध्ये दुसरा प्रोसेसर वेगळ्या उभ्या कार्डावर येतो. त्यावर त्याचं सॉकेट, त्याचा पंखा आणि रॅमच्या चार खोबणी असतात. मूळ बोर्डावर आठ, रायझरवर चार.

पेणकर (रविवार, रात्री १०:१०)

डेलच्या टी५५०० मध्येही अशीच रायझरची व्यवस्था होती. पण तो इथे बसणार नाही, झेड६२०चाच मागा. आणि आधी रायझर शोधा, मग चिप. चिप ढिगाने मिळतात, खरा तुटवडा रायझरचा असतो. हीटसिंक आणि पंख्यासकट मागा, नुसतं कार्ड दिलं तर पंखा शोधत फिराल.

मखरवाला (रविवार, रात्री १०:३०)

म्हणजे मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली होती. उद्या फोन करतो. एक शंका, एसआर०केएक्स तोवर विकली गेली तर एसआर०एच८ चालेल का? तीनशे वाचतील.

रात्रपाळी (सोमवार, पहाटे २:२०)

चालू शकते. वेगळ्या स्टेपिंगची जोडी इंटेल काही मर्यादेत चालवू देतं, बायोसला दोन्ही माहीत असावे लागतात आणि जुनी स्टेपिंग पहिल्या सॉकेटात ठेवतात. म्हणजे तुमची चालू चिप काढून रायझरवर न्यायची आणि नवीन घेतलेली खाली.

पेणकर (सोमवार, सकाळी ७:५०)

मी वर्षभर सी१-सी२ जोडी चालवली आहे, अदलाबदल न करता. काही झालं नाही.

रात्रपाळी (सोमवार, सकाळी ८:३०)

पेणकर, तुमची चालली हे मान्य. पण मखरवाला यांचा सीझन आहे. रेंडर रात्री दोनला अडकलं तर सकाळी कारण शोधताना एक संशय कमी असावा, एवढ्यासाठी तीनशे रुपये फार नाहीत. माझ्या हाताखालच्या मशीनमध्ये मी वेगळ्या स्टेपिंगची जोडी राहू देत नाही.

पेणकर (सोमवार, सकाळी ८:४१)

सीझनचा मुद्दा पटला. एसआर०केएक्सच घ्या.

कळवा_कारशेड (सोमवार, दुपारी १२:३०)

वीजबिलाचं काय? दुसरा प्रोसेसर म्हणजे दुसरी शेगडी.

घडीव (सोमवार, दुपारी १२:४५)

२६७० ची मर्यादा ११५ वॉट. रात्रभर दहा तास पूर्ण जोरात चालला तर सव्वा युनिटच्या आत. शिवाय रेंडर निम्म्या वेळात संपलं तर बाकीचं मशीनही निम्माच वेळ चालतं. बिलापेक्षा मला काळजी खोलीतल्या उकाड्याची आहे. मशीन भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून गरम हवा निघायला हातभर जागा सोडा.

मखरवाला (शुक्रवार, रात्री ११:३५)

चार दिवस गायब होतो, आता सविस्तर लिहितो.

रायझर लॅमिंग्टन रोडला नाही मिळाला. कुर्ल्याच्या एका गाळ्यात मिळाला, कंपन्यांतून निघालेली मशीनं तिथे सुटी करतात. पंख्यासकट. सोल्डरकाकांचं भिंग नेलं होतं. पहिल्या रायझरच्या सॉकेटात एका कोपऱ्यात दोन पिना झोपलेल्या होत्या, नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हत्या. गाळेवाल्याने न कुरकुरता दुसरा दिला. चिप मग लॅमिंग्टन रोडवरून, एसआर०केएक्स, सात दिवसांची चेकिंग वॉरंटी लिहून घेतली.

रॅमच्या चार पट्ट्याही घेतल्या, ८ जीबीच्या, रायझरसाठी. घरी येऊन सगळं बसवलं. चालू केलं तर स्क्रीन काळी आणि नुसते बीप. रायझर काढला की मशीन सुरळीत, लावला की बीप. दोन तास गेले. चिप मेली असं वाटून पोटात गोळा आला. आई म्हणाली, "आधी जेव, मग बघ." जेवलो आणि मग रॅमवरची लेबलं वाचायला घेतली. जुन्या पट्ट्यांवर शेवटी ई, नव्यांवर आर.

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री ११:४२)

आर म्हणजे रजिस्टर्ड. तुमच्या जुन्या पट्ट्या अनबफर्ड ईसीसी. झेड६२० दोन्ही प्रकार घेतं, पण एकत्र नाही. रायझर आणि बोर्ड मिळून सगळ्या एकाच जातीच्या लागतात. हे मी आधीच लिहायला हवं होतं, राहून गेलं.

मखरवाला (शुक्रवार, रात्री ११:५५)

अहो, तुम्ही एवढं सांगितलंत म्हणून तर मी लेबल वाचायचा विचार केला. तसंच निघालं. रजिस्टर्ड परत करून दुसऱ्या दिवशी अनबफर्ड ईसीसीच्या चार आणल्या, वर थोडे पैसे द्यावे लागले. लावल्या, आणि दोन्ही प्रोसेसर दिसले. सोळा कोअर, बत्तीस थ्रेड. काका, तुम्ही १९९९ च्या आनंदाबद्दल लिहिलं होतं, तो काय असतो ते मला आता कळलं.

पंढरपूरचाच सीन लावून पाहिला. १४ मिनिटांची फ्रेम ७ मिनिटं ४० सेकंदांत. दोन्ही चिपचं तापमान दोन तासांनंतरही सत्तरीच्या खाली. मॉडेलिंग करताना मात्र काही फरक जाणवत नाही, ते पूर्वीइतकंच.

घडीव (शनिवार, सकाळी ७:३०)

जाणवणार नाही. मॉडेलिंगचं बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं आणि त्या कोअरचा वेग तोच राहिला. अभिनंदन!

शिवडीची (शनिवार, सकाळी ९:१०)

सात-चाळीस मस्तच. चाळीस चेहऱ्यांचा व्हिडिओ कधी?

मखरवाला (शनिवार, सकाळी ९:२५)

या वर्षी एकसष्ट चेहरे आहेत, दहा बायका डोक्यावर तुळस घेतलेल्या. रेंडर रात्रीच लावलंय. मंडळाने परवानगी दिली की इथे टाकतो.

ग्रँटरोड_पूर्व (शनिवार, सकाळी १०:००)

धागा वाचून माळ्यावरचं झेड८२० खाली काढलं, त्यात एकच २६९० आहे. जोडी आणायला दुपारी निघतोय.

रात्रपाळी (शनिवार, सकाळी १०:०४)

निघायच्या आधी स्टेपिंग, बूट ब्लॉकची तारीख आणि एका रॅमच्या लेबलचा फोटो इथे टाका. मी दुपारपर्यंत जागा आहे.